क्लॅनमध्ये मी भाऊ होते

जळगावच्या त्या दवाखान्यात सकाळी दहाला गेलं तरी दुपारी दोनशिवाय माझा नंबर लागत नसे. आजूबाजूला पोट पुढे आलेल्या बायका, आणि त्यांच्यात मी, लग्नाला सहा वर्षं झालेली, हातात फक्त रिपोर्टांची फाइल. नवरा दारात सोडून कामावर जायचा. कुणी 'कितवा महिना' विचारू नये म्हणून मी फोनमध्ये डोकं घालायची. त्यातूनच एक दिवस तो गेम डाउनलोड केला.

आपलं एक गाव बांधायचं, भिंती घालायच्या, तोफा मांडायच्या, फौज तयार करायची आणि दुसऱ्याच्या गावावर चालून जायचं, असा तो खेळ. एकट्यानं फार पुढे जाता येत नाही. त्यासाठी पन्नास जणांपर्यंतचा गट करतात, त्याला क्लॅन म्हणतात. दोन क्लॅनमध्ये वॉर लागलं की प्रत्येकाला दोनच अटॅक मिळतात. कुणी ते वाया घालवले तर सगळ्यांचं नुकसान होतं.

मी ज्या क्लॅनमध्ये पहिल्यांदा शिरले तिथे एक अटॅक फसला की आईबहिणीवरून सुरू व्हायचे. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं, 'शिव्या नका देऊ.' मिनिटाच्या आत मला काढून टाकलं. मला राग आला, आणि राग येऊन खूप महिने झाले होते, म्हणून तो बराही वाटला. त्याच दुपारी, तिथेच बसून मी स्वतःचा क्लॅन काढला. मी धुळ्याची, म्हणून तिथल्या नदीचं नाव ठेवलं, पांझरा. नियम तीनच लिहिले. शिवी देणार नाही. अटॅक जमणार नसेल तर आधी सांगायचं. आणि विचारल्याशिवाय कुणाला काढायचं नाही.

बाई आहे हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिल्या आठवड्यातच काय काय मेसेज आले असते ते मला ठाऊक होतं. पण मराठीत हे लपवणं किती अवघड आहे ते तेव्हा कळलं. 'आलो' लिहायला हात धजावत नव्हता आणि 'आले' लिहायची सोय नव्हती. मग मी क्रियापदं चुकवायला शिकले. 'अटॅक झाला.' 'बघितलं, ठीक आहे.' 'उद्या ठरवू.' मेसेज सरकारी पत्रासारखे व्हायचे. त्यावरून सगळ्यांनी ठरवलं की लीडर म्हणजे कुणीतरी पोक्त, कचेरीतला माणूस असणार. मला भाऊ म्हणायला लागले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूसही विचारायचा, 'भाऊ, समोरच्यांच्या सातव्या नंबरवर जाऊ का?'

पहिली भरती खानदेशातलीच झाली. गेममधली नावं चमत्कारिक असायची, म्हणून एकमेकांना गावावरूनच ओळखायचे. भुसावळवाला रेल्वेत पॉइंट्समन होता, रुळांचे सांधे बदलणारा, शांत, हिशेबी; त्याला मी को-लीडर केलं. नशिराबादवाला फारसं बोलत नसे. पण त्याचा अटॅक म्हणजे बघत राहावं असा. समोरच्या गावाची कुठली भिंत कच्ची आहे हे त्याला एका नजरेत कळायचं. 'वेल्डिंगचं काम आहे, चारला येतो,' एवढं लिहायचा आणि चारला बरोबर यायचा.

क्लॅनला मान मिळाला तो एका वॉरमुळे. अकोल्याच्या एका क्लॅनला आम्ही हरवलं आणि नंतर आमचाच एक जण फुशारकीनं बोलून गेला की त्याच्याकडे समोरच्याचे लपवलेले सापळे दिसतील असं फेरफार केलेलं अ‍ॅप आहे. मी त्याला काढलं. मग अकोल्याच्या लीडरला लिहिलं, 'आमच्याकडून लबाडी झाली. हे वॉर तुम्ही जिंकलं असं आम्ही मानतो.' त्यानं तो मेसेज खेळणाऱ्यांच्या एका मोठ्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर 'पांझरामध्ये जागा आहे का' असं विचारणाऱ्यांची रांगच लागली. पन्नासच्या पन्नास जागा भरल्या. ज्यांना हरवलं तेही विचारायचे.

त्याच सुमारास माझं दुसऱ्या खेपेचं मूलही पोटातच गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "काही दिवस माहेरी जाऊन ये. मन रमेल." नवऱ्यानं बॅग स्टँडवर आणून दिली. बसमध्ये खिडकीशी बसवलं, पाण्याची बाटली दिली, आणि बस निघायच्या आधीच वळून गेला. पंधरा दिवसांनी फोन केला तर म्हणाला, "घाई काय आहे?" दोन महिन्यांनी फोन उचलेना.

धुळ्याला भावाच्या घरात मला कुणी वाईट बोललं नाही. वहिनी ताट वाढून द्यायची. आई शेजारणींना सांगायची, पोरगी आराम कराले येल शे. पण दारावर कुणी आलं की मी आपोआप आतल्या खोलीत जाऊ लागले. त्या खोलीत गव्हाच्या कोठ्या होत्या आणि एक पलंग. दुपारी सगळे पडले की मी पलंगावर पालथी पडून वॉरला कोण तीस जण उतरणार त्याची यादी लावायची. दिवसभरात माझ्याशी नीट, काही विचारायला बोलणारी माणसं त्या यादीतच होती. बाकी सगळं हातातून गेलं होतं, आणि हे एक मी उभं केलेलं होतं. त्यामुळे मी ते फार घट्ट धरलं. आमची सलग अठरा वॉर जिंकून झाली होती. एकोणिसावं हरायचं नाही, या विचारानं मी तीच यादी दहादा खोडून पुन्हा लावायची.

नशिराबादवाल्याचे अटॅक बिघडायला लागले ते याच दिवसांत. आधी एक फसला. मग सलग चार. फौज भलत्याच बाजूला सोडायचा, तोफेच्या तोंडावर. चॅटमध्ये लोक कुरकुरू लागले. शिवी नव्हती, पण 'झोपेत खेळतो का' असं होतं. मी त्याला एक ओळही लिहून विचारलं नाही, की बाबा, काय झालंय? एकोणिसाव्या वॉरच्या यादीतून त्याचं नाव गाळलं आणि यादी लावून टाकली. आम्ही ते वॉर जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास क्लॅनच्या चॅटमध्ये त्याचा मेसेज दिसला. 'भाऊ, मला आता दिसत नाही. डॉक्टर म्हणतो वेळ गेली. कुणावर राग नाही. सगळ्यांचं चांगलं होऊ द्या. येतो.' त्याखाली गेमची करडी ओळ होती, की हा खेळाडू क्लॅन सोडून गेला.

मी ते दोनदा वाचलं आणि पलंगावरून उठून उभी राहिले. कारण तसलाच मेसेज मी स्वतः नवऱ्यासाठी टाइप केला होता, त्याच खोलीत, मागच्याच महिन्यात. पाठवला नव्हता. पण 'कुणावर राग नाही' हे माणूस केव्हा लिहितो ते मला माहीत होतं.

चॅटमध्ये विचारलं, नशिराबादवाल्याला प्रत्यक्ष ओळखणारं कुणी आहे का? कुणी नव्हतं. दोन वर्षं बरोबर खेळलो, पण त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. भुसावळवाल्यानं मात्र एकदा स्वतःचा नंबर मला पाठवून ठेवला होता, अडचण आली तर म्हणून. मी तो कधी लावला नव्हता. तो लावला.

"हॅलो, मी क्लॅनमधून बोलतेय."

मागे इंजिनाची शिट्टी वाजत होती. "कोण? भाऊंच्या घरून का? भाऊ बरे आहेत ना?"

"भाऊ मीच आहे."

मग तो म्हणाला, "म्हणजे?"

"मीच लीडर. बाई आहे मी. ते नंतर बोलू. नशिराबादवाल्याचा मेसेज बघितला का तुम्ही?"

"ड्यूटीवर चॅट नाही बघत. काय झालं?"

मी वाचून दाखवला. तो म्हणाला, "पोलिसांना..." आणि स्वतःच थांबला. "काय सांगणार पण? नाव नाही, पत्ता नाही. हे बघा भाऊ, मी दोनला सुटतो. दुसरा माणूस आल्याशिवाय मला जागा सोडता येत नाही. तुम्ही कुठे आहात?"

"धुळ्याला."

"लांब आहे हो ताई," तो म्हणाला. एका वाक्यात मी भाऊची ताई झाले होते, पण तेव्हा ते जाणवलं नाही.

मी साडी बदलली, पर्स घेतली. आई ओट्यावर मेथी निवडत होती. "कथा जाई राह्यनी?"

"जळगावले."

तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. "त्यास्नी बलायं का तुले?"

तिचा चेहरा असा उजळला की मला खरं बोलता आलं नाही. मी हो म्हटलं. ती धावत आत गेली, करंडा घेऊन आली आणि मला कुंकू लावलं. "जाय माय. आते बठ्ठं नेम्मन व्हई." आता सगळं नीट होईल, याची तिला खात्रीच वाटत होती.

पारोळा, एरंडोल, जळगाव. हा रस्ता मी सासरी जाताना कितीदा केला होता. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि मी दर पाच मिनिटांनी चॅट उघडून बघत होते, तो परत आला का. जळगावला स्टँडवर उतरले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. तिथून सासर रिक्षानं दहा मिनिटांवर. कुणी ओळखीचं दिसेल म्हणून पदर डोक्यावर घेतला आणि भुसावळच्या गाडीत चढून नशिराबादला उतरले.

पहिल्या वेल्डिंगच्या दुकानात विचारलं. माणूस म्हणाला, "नाव काय त्याचं?"

"माहीत नाही."

"मग काम काय आहे?"

काय सांगणार? "मोबाइलवर गेम खेळतो," मी म्हणाले. दुकानातले दोघं एकमेकांकडे बघून हसले. एक जण म्हणाला, "बाई, इथे सगळेच खेळतात."

दुसरं दुकान बंद होतं. तिसऱ्या दुकानाशी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि माझा घसा कोरडा पडला होता. तिथे एक पिकलेल्या दाढीचे चाचा ग्रिल घासत बसले होते. त्यांना मी गेमचं काही सांगितलं नाही. मी एवढंच म्हणाले, "वेल्डिंग करणारा आहे. अलीकडे त्याला दिसत नाहीये."

त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "तुम्ही दवाखान्यातून आलात का?" आणि उत्तराची वाट न बघता उठून मला मशिदीच्या मागच्या गल्लीत घेऊन गेले.

त्याची अम्मी दारातच होती. चाचांनी विचारलं तसं ती म्हणाली, "सुबह से नहीं है. दोस्ताकडे जातो म्हणाला." मग माझ्याकडे वळली. "फोन ठेवून गेलाय. कधीच ठेवत नाही." कोनाड्यात फोन होता, चार्जिंगला लावलेला. शंभर टक्के भरलेला. ज्याला फोन न्यायचाच नव्हता त्यानं तो चार्जिंगला का लावला असेल, हे मला आजही कळलेलं नाही. बहुतेक रोजची सवय.

तिच्याकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. काच न लावता वेल्डिंग करायचा, घाई असली की. डोळे लाल व्हायचे, मेडिकलमधून थेंब आणून टाकायचा. सहा महिने असंच. मग धूसर झालं, फोन नाकाशी धरल्याशिवाय दिसेना. घरात त्यानं सांगितलंच नाही, भिंतीला धरून चालायला लागला तेव्हा कळलं.

"तो कुठे बसायला जातो का?" मी विचारलं. अम्मीला माहीत नव्हतं. आणि तेव्हा मला आठवलं. तो कधी कधी चॅटमध्ये लिहायचा, 'वाघूरवर आहे, पुलाजवळ, इथे रेंज मस्त आहे.' आम्ही चेष्टा करायचो, की मासे पकडून अटॅक करतो.

मी भुसावळवाल्याला फोन लावला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, तो गाडीला किक मारत होता. "वाघूरचा पूल," मी म्हणाले. "तुम्ही त्या बाजूनं जवळ आहात. जा." त्यानं लगेच फोन ठेवला.

चाचांनी रिक्षा थांबवली. मी, अम्मी आणि चाचा. अम्मी माझा हात धरून काहीतरी पुटपुटत होती. मी मनात फक्त यादी म्हणत होते, त्याचं नाव नसलेली, एक ते तीस.

पुलाच्या अलीकडे एक मोटरसायकल आडवी पडलेली दिसली. खाली, काठाच्या खडकावर दोघं बसले होते. एकाच्या अंगात रेल्वेचं नारिंगी जाकीट होतं आणि त्यानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं होतं. भुसावळवाल्यानं नंतर सांगितलं, की काठावर पाठमोरा माणूस दिसला, पण हाक काय मारायची कळेना. मग त्यानं पुलावरून त्याचं गेममधलं नाव ओरडून घेतलं. ते चमत्कारिक इंग्रजी नाव, आकड्यांसकट. तो वळला.

आम्ही उतरून गेलो तसं भुसावळवाला त्याला म्हणाला, "भाऊ आलेत."

तो उठून उभा राहिला. पँटला हात पुसले, मोठ्या माणसासमोर पुसतात तसे. पंचविशीचा असेल. डोळे सुजलेले, लाल. माझ्या खांद्यावरून पलीकडे रस्त्याकडे बघत म्हणाला, "कुठे आहेत?"

"मी," मी म्हणाले. "तुला यादीतून काढलं, विचारलंसुद्धा नाही. चुकलं माझं."

"बरोबर केलं भाऊ. मला भिंतच दिसत नव्हती." मग कपाळाला आठ्या घालून तो माझ्याकडे झुकला. "आवाज तर बाईचा आहे."

अम्मीनं पुढे होऊन त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याला कवेत घेऊन तिथेच खाली बसली. तो म्हणत होता, "मैं तो बस बैठा था, अम्मी." खरंच नुसता बसला होता की काय, ते मी त्याला कधी विचारलं नाही. मला वाटतं त्यालाही ठाऊक नसेल.

पुढे त्याला जळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. भुसावळवाला बरोबर होता. एका डोळ्यात कायमचा डाग राहिला. दुसरा चार महिन्यांत इतपत सुधारला, की तो एकटा रस्ता ओलांडतो. वेल्डिंग बंद झालं. आता मालाची मापं घेतो आणि गिऱ्हाइकांशी बोलतो, जे त्याला अजिबात आवडत नाही. गेम तो पुन्हा खेळला नाही.

त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारातच. "काय म्हने जावाई?" मी खरं सांगितलं. ती आत जाऊन देवापाशी बसली. भाऊ बोलला. "मोबाइलवरच्या माणसासाठी जळगावला जातेस, आणि नवऱ्याच्या दारापर्यंत जात नाहीस?" त्यानं माझा फोन काढून घेतला. रागानं नाही, मला तर वाटतं भीतीनं. बहीण हातची जाते आहे असं त्याला दिसत होतं, आणि दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. नऊ दिवस फोन नव्हता. त्या नऊ दिवसांत मी गव्हाच्या कोठ्यांकडे बघत पडून राहिले. एकाला खडकावरून उठवून आणलं होतं आणि स्वतःला पलंगावरून उठवता येत नव्हतं.

फोन मिळाला तो वहिनीमुळे. तिनं भावाच्या कपाटातून काढून माझ्या उशाशी ठेवला आणि म्हणाली, "तुमच्याशिवाय तिथे कुणाचं अडत असेल तर बघा."

मी क्लॅनमध्ये सगळं लिहिलं. लीडर बाई आहे, तेही. आता 'गेले', 'आले' असं उघड. दोन दिवसांत तेवीस जण सोडून गेले. एकानं जाताना लिहिलं, 'बाईच्या हाताखाली खेळतोय हे कळलं असतं तर आधीच गेलो असतो.' दुसऱ्यानं खाजगीत असं काही पाठवलं, की मी फोन उलटा करून ठेवला. अकोल्याचा तो लीडर, ज्यानं आमचं इतकं कौतुक केलं होतं, त्यानं काहीच लिहिलं नाही. आम्ही हरलो, मग पुन्हा हरलो. सलग सहा. सलग एकोणीस जिंकल्याचा तो सगळा दिमाख एका महिन्यात धुतला गेला, आणि ज्यासाठी मी एका आंधळ्या होत चाललेल्या पोराला यादीतून गाळलं होतं ते हेच होतं.

सासरी कुणीतरी सांगितलंच, की मी जळगावात दिसले आणि घरी आले नाही. त्यांना निमित्त मिळालं. घटस्फोटासाठी वकिलाची नोटीस आली. आईनं ती वाचायला भावाकडे दिली, भावानं माझ्याकडे दिली, आणि मी ती परत आईकडे दिली. एवढंच त्या दिवशी घरात झालं.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला भाऊ येऊ शकला नाही; भुसावळवाल्याशी बोलताना ते सहज निघालं होतं. मी जळगावच्या कोर्टात वऱ्हांड्यात उभी होते. नवरा समोरच्या खांबाशी, त्याच्या मोठ्या भावाबरोबर. त्यानं माझ्याकडे एकदाच बघितलं, घड्याळाकडे बघावं तसं. तेवढ्यात एक ठेंगणी, घामाघूम झालेली बाई पिशवी सांभाळत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"भुसावळहून आले. ह्यांची ड्यूटी आहे, म्हणून मला पाठवलं," ती म्हणाली. "तुम्ही लीडर ना?"

मी मान हलवली. ती माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. पिशवीत कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. मी नको म्हटलं तर म्हणाली, "मग मी एकटीच खाऊ का इथे सगळ्यांसमोर?" आम्ही दोघींनी जिन्याखाली बसून खाल्लं. तिनं माझ्या केसबद्दल काहीच विचारलं नाही. नवऱ्याच्या ड्यूटीच्या पाळ्या, मुलीची दहावी, असलं बोलत राहिली. चार वाजेपर्यंत आमचं प्रकरण पुकारलंच नाही. साडेचारला पुढची तारीख दिली.

स्टँडवर धुळ्याची गाडी लागेपर्यंत ती थांबली. पुढच्या तारखेला तिच्या मुलीचा पेपर आहे, तरी दुपारनंतर येते म्हणाली. मी नको म्हणाले नाही.